पतंगाची मान

वाशी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा जानेवारीला, बडोद्यात कोणाच्याही घरी जा, निदान एकाची तरी मान धरलेली असते. आदल्या दिवशी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत अगाशीवर उभं राहून वर बघायचं, खाली उतरायचं ते फक्त उंधियू-जिलेबीपुरतं. मग मान दुखली नाही तरच नवल. बाम चोळायचा, गरम पाण्याची पिशवी घ्यायची आणि ‘पतंगाची मान आहे, दोन दिवसांत सुटेल’ म्हणायचं. सुटतेही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत सकाळी सुगडं पुजायची आणि दुपारी ‘काप्यो छे’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचं अशी रीत आहे. त्यामुळे सण दोन्हीकडचे आणि सणाची दुखणीही दोन्हीकडची.

डोक्यात रक्तस्राव व्हायला याहून गैरसोयीचा मुहूर्त नाही. त्याच्या प्रत्येक खुणेला उत्तरायणात एक तयार, निरुपद्रवी कारण हजर असतं.

माझ्या धाकट्या आत्याचं असंच झालं. भाच्यासाठी ती फिरकी धरून उभी होती. समोरच्या पोळातला कुणाचा तरी पतंग कापला गेला, सगळे ओरडले, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात मागच्या बाजूला काहीतरी फुटल्यासारखं झालं. ती टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसली. थोड्या वेळाने उलटी झाली. अगाशीवर माणसं भरपूर, त्यामुळे निदानंही भरपूर. उंधियूला तेल फार होतं. जिलेबीवर पाणी प्यायली. ऊन लागलं. पित्त आहे तिला पहिल्यापासून. सरबत झालं, डोकेदुखीची गोळी झाली, तासाभरात ठणका जरा उतरला, तेव्हा तिला खालच्या अंधाऱ्या खोलीत निजवून मंडळी पुन्हा वर गेली. रात्री मान ताठली. त्यावर तर कोणी चर्चासुद्धा केली नाही.

उरलेला उंधियू खायला मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली होती आणि खिडकी उघडू देत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची सून चहा घेऊन आली, तिनं आत्याकडे निरखून पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली, “अहो, आईंची उजवी पापणी बघा.” पापणी अर्धी मिटलेली होती आणि आत्याला ती उचलता येत नव्हती. पित्तानं पापणी पडत नाही, एवढं सगळ्यांनाच कळलं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. ‘किती दुखतंय’ हे तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, “मासी, दुखवानुं शरू थयुं त्यारे तमे शुं करतां हतां?” दुखायला लागलं तेव्हा काय करत होतात? आत्यानं डोळे न उघडता सांगितलं, “फिरकी पकडीने ऊभी हती. पेलो लाल पतंग कपायो ने तरत.” डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली आणि तिनं तिथल्या तिथे स्कॅनची व्यवस्था केली. पुढे बरंच वाचल्यावर मला कळलं की निदानाचा निम्मा भाग त्या एका उत्तरात होता. अर्धशिशी असलेल्या माणसाला विचारा, कधी सुरू झालं? तो म्हणेल, दुपारपासून जरा जड होतं, संध्याकाळी वाढलं. हे दुखणं तसं चढत नाही. ते पहिल्या मिनिटातच आपल्या टोकाला पोचलेलं असतं, आणि म्हणून माणसाला तो क्षण हातातल्या वस्तूसकट आठवतो. कढीला फोडणी देत होते. बादली उचलत होतो.

असं का, हे मेंदूभोवतीची रचना पाहिली की कळतं. मेंदूवर तीन आवरणं आहेत. त्यांतल्या मधल्या आणि सगळ्यांत आतल्या आवरणामध्ये एक फट असते, तिच्यात पाणी खेळतं, आणि मेंदूच्या मोठ्या धमन्या त्याच फटीतून जातात. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे काही जणांच्यात भिंत हळूहळू पातळ होऊन फुगवटा येतो. हा ॲन्युरिझम. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या डोक्यात तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना तो मरेपर्यंत काही करत नाही. पण फुटला, तर धमनीतलं रक्त पूर्ण दाबानं त्या पाण्यात घुसतं आणि कवटीतला दाब काही क्षणांत वाढतो. डोकं फुटल्यासारखं वाटणं, उलटी, काहींची शुद्ध हरपणं, हे सगळं त्यातूनच येतं. मानेचं वेगळं आहे. मेंदूभोवतीचं पाणी आणि पाठीच्या कण्यातलं पाणी एकच असतं. रक्त त्यात मिसळून खाली उतरतं, आवरणं चिडतात आणि मान ताठते. याला काही तास लागतात. म्हणजे सुरुवातीला मान मऊ असते आणि घरच्यांना धीर येतो. ताठते तोवर रात्र झालेली असते आणि दिवसभर पतंग उडवलेले असतात.

पतंगाची मान बाजूला वळवताना, वर बघताना दुखते, स्नायू दाबला की कळ येते. आवरणं चिडलेल्या माणसाची मान बाजूला बऱ्यापैकी वळते, पण हनुवटी छातीला लागत नाही. हे वाचून कुणी आपल्या घरी हनुवटीची परीक्षा घेत बसू नये, कारण पहिल्या काही तासांत त्या परीक्षेत रक्तस्राववाला माणूसही पास होतो. शिवाय खुद्द पतंगाची मानही दर वेळी निष्पाप नसते. मान बराच वेळ मागे टाकून ठेवल्यानं किंवा एकदम हिसडल्यानं क्वचित मानेतल्या धमनीच्या आतल्या अस्तरालाच चीर पडते. मग मानेत एका बाजूला नवीनच कळ, चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं असं काही सुरू होतं. बाम लावून ते थांबत नाही.

आत्याचा सीटी स्कॅन स्वच्छ आला. तिच्या मुलानं लगेच देवाला हात जोडले. डॉक्टरीण मात्र खूश दिसेना. कारण सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, आणि दिवस जातील तसं ते पाण्यात विरळ होत दिसेनासं होतं. २०११ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात तीन हजारांवर डोकेदुखीच्या रुग्णांचे स्कॅन तपासले गेले. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत ज्यांचा स्कॅन झाला त्यांच्यातला एकही रक्तस्राव सुटला नव्हता. सहा तासांनंतर मात्र साधारण सातातला एक निसटला. आत्या पोचली ती सहा तासांच्या जवळपासही नव्हती. म्हणून पाठीतलं पाणी काढायचं ठरलं.

पाठीतलं पाणी काढणं म्हटलं की आमच्याकडे माणसं रडायलाच लागतात. जो ते काढू देतो तो पुढे लुळा पडतो, असं कुणीतरी कुणालातरी कधीतरी सांगितलेलं असतं. वास्तविक ती सुई पाठीचा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. हाइनरिश क्विंके या जर्मन डॉक्टरानं ही पद्धत १८९१ मध्ये आणली, म्हणजे सीटी स्कॅनच्या ऐंशी वर्षं आधी. स्कॅनवर पहिला रुग्ण लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात ऑक्टोबर १९७१ मध्ये झोपला. तोवर डॉक्टरांचा मोठा भरवसा या सुईवर होता, आणि उशिरा आलेल्या रुग्णाच्या बाबतीत आजही आहे. रक्त त्या पाण्यात पडून साधारण बारा तास झाले की त्यातल्या लाल रंगाचं बिलिरुबिन होतं आणि पाणी पिवळं दिसतं. सुई टोचताना आलेल्या ताज्या रक्तानं पाणी लाल होईल, पिवळं नाही. पिवळा रंग आठवडा-दोन आठवडे टिकतो. आत्याचं पाणी पिवळं निघालं.

पुढची कथा मी भरभर सांगते, कारण ती निष्णात हातांत गेली होती. धमन्यांचं चित्र काढलं, उजव्या बाजूला फुगवटा सापडला, शेजारून जाणाऱ्या पापणी उचलणाऱ्या मज्जातंतूला तो दाबत होता. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन त्या फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली. कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला चिमटा लावणं हा जुना मार्ग, अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा केलेला. नळीचा मार्ग १९९० नंतरचा. एवढ्यावर सुटका नव्हती. सांडलेल्या रक्तानं आजूबाजूच्या धमन्या साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आकसू लागतात आणि हा धोका दोन आठवडे राहतो. म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी एकवीस दिवस, रात्रीच्यासुद्धा. घरी आल्यावर उरलेल्या दिवसांत सुनेच्या मोबाइलचा गजर अख्खा वाडा ऐकत होता. आत्याची पापणी उचलायला कित्येक महिने गेले. नावं ती अजून विसरते, पण उसने दिलेले पैसे विसरत नाही.

ती वाचली हे नशीब, कारण फुटलेला फुगवटा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते, आणि ते तास तिनं अंधाऱ्या खोलीत काढले.

मला त्या अगाशीवरच्या निदानांचा राग येत नाही. ती अनुभवातून आलेली आहेत, फक्त ती दुसऱ्या आजाराच्या अनुभवातून आलेली आहेत. ‘उलटी झाली की डोकं उतरतं’ हे अर्धशिशीच्या बाबतीत पुष्कळदा खरं असतं, आणि आपल्या घरांत ज्याला पित्ताची डोकेदुखी म्हणतात ती बहुतेक वेळा अर्धशिशीच असते. तिच्यावर पोसलेली समजूत मग प्रत्येक उलटीला लागू होते. गोळीचंही तसंच. गोळीनं आराम पडला म्हणजे दुखणं साधं, हा तर्क सगळ्यांनाच पटतो आणि तो चुकीचा आहे. रक्तस्रावाचं दुखणंही गोळीनं कमी होऊ शकतं. त्यातून घरातली गोळी ॲस्पिरिनची निघाली तर ती रक्त गोठण्यातच अडथळा आणते. म्हणजे आराम पडतो आणि गळतीला वाव मिळतो.

आणि बीपी. डोकं दुखलं की मशीन काढायचं, आकडा वाढलेला दिसला की ‘बघा, बीपीनं दुखतंय’ म्हणायचं, हा नवा घरगुती उपचार आहे. असह्य दुखण्यानं बीपी चढतंच. थोडं वाढलेलं बीपी सहसा डोकं दुखवत नाही. मेंदूच्या आत रक्तवाहिनी फुटते ती पुष्कळदा वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं, हे मात्र खरं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी स्वतःचं चित्र काढून घेत बसले होते. डोक्यात मागे भयंकर दुखतंय, असं म्हणाले आणि कोसळले. त्या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेलं बीपी ३००/१९० होतं. पण या जातीच्या रक्तस्रावात बहुधा एक हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते, आणि घरचे आपण होऊन १०८ ला फोन करतात. आत्याच्या जातीचा रक्तस्राव जास्त फसवा. हात-पाय हलत असतात, बोलणं सरळ असतं, माणूस स्वतःच्या पायांनी जिना उतरतो.

आता दुसरी बाजू. असं मिनिटभरात टोकाला जाणारं डोकं ज्यांचं दुखतं, त्यांच्यातल्या दहातल्या एका ते चारातल्या एका माणसाला असा रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे बहुतेकांना तो झालेला नसतो. कुणाचं डोकं जोरात खोकल्यावर असं दुखतं, कुणाचं जिममध्ये वजन उचलताना. कुणाचं शरीरसंबंधाच्या ऐन क्षणी. ही तिसरी तऱ्हा काही दुर्मीळ नाही, पण ‘दुखलं तेव्हा काय करत होता’ या प्रश्नावर आपल्याकडचे पुरुष ‘व्यायाम’ असं उत्तर देऊन मोकळे होतात आणि बायका तर दवाखान्यातच जात नाहीत. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही. पहिल्यांदाच असं झालं तर ते फुगवट्याची शंका घेतातच, कारण श्रमाच्या क्षणी फुगवटाही फुटतो. मे महिन्यात गाडीवरचा बर्फाचा गोळा घाईनं खाल्ल्यावर कपाळात जी सणक जाते तीसुद्धा अचानक आणि तीव्रच. टाळू थंड झाली की येते आणि काही मिनिटांत जाते. घरच्या घरी खात्रीनं निदान करावं अशी अचानक डोकेदुखी माझ्या माहितीत तेवढी एकच.

माझा मामेभाऊ मांजलपूरला राहतो. चाळिशी अजून लांब. त्याचं डोकं अंघोळ करताना अंगावर पाणी घेतल्याबरोबर फुटल्यासारखं दुखलं. आत्याची हकीकत त्याच्या बायकोनं ऐकलेली होती, त्यामुळे त्याला टॉवेलवरूनच कपडे चढवून तिनं दोन तासांच्या आत स्कॅनखाली घातलं. स्कॅन स्वच्छ. धमन्यांचं चित्रही स्वच्छ. घरी आला. दोन दिवसांनी शौचाला बसलेला असताना पुन्हा तसंच. मग खोकताना. तेव्हा परत केलेल्या तपासणीत धमन्या जागोजागी आवळलेल्या दिसल्या. फुगवटा नाही, रक्त नाही. या आजाराला आरसीव्हीएस म्हणतात. नाव अलीकडचं, २००७ मधलं. धमन्या काही काळ उगाचच आकसतात, आठवडा-दोन आठवडे असे झटके येतात आणि साधारण तीन महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. थोड्या जणांना त्यातून रक्तस्राव किंवा पक्षाघात होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. बहुतेक जण सुखरूप सुटतात. कारण शोधताना डॉक्टरांनी विचारलं, सध्या काय काय घेताय? तो सर्दीच्या गोळ्या घेत होता, नाक मोकळं करणारं औषध असलेल्या. हे औषध रक्तवाहिन्या आवळूनच नाक मोकळं करतं. ते कधी कधी नाकापुरतं थांबत नाही.

आत्या आणि मामेभाऊ यांचं मी मनात पुष्कळदा शेजारी ठेवून पाहिलं आहे. २०१३ मध्ये कॅनडातल्याच डॉक्टरांनी अशा डोकेदुखीसाठी एक नियम प्रसिद्ध केला, ओटावा नियम. शुद्धीत असलेल्या, डोक्याला मार न लागलेल्या, तासाभरात दुखणं टोकाला गेलेल्या माणसासाठी. वय चाळीस किंवा वर, मानेत दुखणं वा ताठरपणा, कुणाच्या देखत शुद्ध हरपणं, श्रम करताना सुरुवात, क्षणात टोकाला जाणं, तपासताना मान पुढे न वाकणं. यांतलं एक जरी ‘हो’ निघालं तरी तपासण्या करायच्या. आत्याची एकाहून अधिक उत्तरं ‘हो’. मामेभावाचंही निदान एक ‘हो’ होतंच. म्हणजे नियमानं दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं. रक्तस्राव सुटू नये म्हणून तो इतका कडक आहे की रक्तस्राव नसलेल्या शंभरांतल्या जेमतेम पंधरा जणांनाच तो बिनस्कॅनचा घरी जाऊ देतो. या विषयात उभी हयात घालवलेले लोक तोंडाकडे बघून हा फरक करत नाहीत. तो फरक अगाशीवर, उसाचं कांडं सोलता सोलता होईल, असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

उलट बाजूची फसगतही सांगायला हवी, नाहीतर ‘हळूहळू वाढलं म्हणजे भीती नाही’ असा समज व्हायचा. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांमधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. न्हाणीत घसरून डोकं जरासं आपटलं, टेंगूळही आलं नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी आजोबा दुपारचे फार झोपू लागतात, पाय ओढतात, काहीबाही बोलतात. घरचे म्हणतात, वय झालं. आत थेंबथेंब रक्त साठत आलेलं असतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. ते वेळेत कळलं तर कवटीला लहानशी छिद्रं पाडून काढता येतं आणि माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. उत्तरायणाला अगाशीवरून पडलेल्या पोराचं याच्या उलट. ते उठतं, कपडे झटकतं, ‘काही नाही झालं’ म्हणून पुन्हा दोर धरतं, आणि काही तासांनी पेंगू लागतं. त्याला ‘दमलाय, झोपू दे’ म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

मामेभावाचा मुद्दा अजून पैशांचा आहे. दोन स्कॅन, धमन्यांची चित्रं, इस्पितळातला मुक्काम आणि शेवटी निघालं काय, तर सर्दीची गोळी. एकदा आत्यासमोर त्यानं हे रडगाणं गायलं. आत्या म्हणाली, “तुझं काही निघालं नाही हे कळायलाच ते पैसे गेले रे. माझं निघालं, मला विचार किती गेले.” तो गप्प बसला, पण पटलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रात त्याच्या धमन्या सरळ झालेल्या दिसल्या, तेव्हा तर हा खर्चही उगाचच झाला असं त्याला वाटलं. त्याच्या बायकोनं मात्र त्याच संध्याकाळी औषधांचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला, चष्मा लावून एकेका पाकिटावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली आणि ‘फिनाइलएफ्रिन’ दिसलं ते प्रत्येक पाकीट केराच्या टोपलीत टाकलं. आता नाक चोंदलं की त्याला वाफ मिळते, आणि वाफेत फरक पडत नाही अशी तक्रार तो आम्हा सगळ्यांकडे करत असतो.